वशिंडाचा प्रवास



२०२३ साली ब्राझीलमध्ये एका गायीच्या मालकीतल्या हिश्शाचा लिलाव झाला आणि त्यावरून त्या गायीची किंमत त्रेचाळीस लाख डॉलरच्या वर ठरली. आपल्या हिशोबात छत्तीस कोटी रुपयांच्या आसपास. जगातली सर्वांत महाग गाय म्हणून गिनेस बुकाने तिची नोंद केली. तिचं नाव वियातिना-१९. वजन अकराशे किलो, म्हणजे आपल्याकडच्या भरल्या अंगाच्या दोन गायींपेक्षाही जास्त. ती ‘नेल्लोर’ वंशाची, म्हणजे मूळ भारताची, हे कळल्यावर आपल्याकडे ही बातमी मोबाइलवरून फार फिरली. भारतीय गायीला जगात केवढा मान, असं म्हणत लोकांनी ती एकमेकांना पाठवली.

ते खरंच आहे. पण तिच्या दुधाची चौकशी कुणी केल्याचं मला आठवत नाही. केली असती तर कळलं असतं की ती दुधासाठी जोपासलेली नाही. ब्राझीलमध्ये हा वंश वाढवला गेला तो मांसासाठी. अशा गायीचे गर्भ नि वळूच्या रेतमात्रा विकत घेणारे लोक पुढच्या पिढीत वजन किती वाढेल याचा हिशोब करत असतात.

नेल्लोर हे आंध्रातलं गाव. तिथून जवळच्या ओंगोल भागात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जात घडवली. पांढरीशुभ्र, थोराड, डौलदार वशिंडाची. आपल्या विदर्भातली गवळाऊ ही तिची जवळची नातलग मानतात. ओंगोलच्या शेतकऱ्याने ती घडवली ती नांगराला, गाडीला आणि घरच्या दुधाला. जुवासाठी घडवलेला हा वंश जगाच्या ताटात कसा गेला, आणि ज्या देशात तो घडला त्या देशाच्या दावणीवर आज काय उरलं, ही गोष्ट मला आज सांगायची आहे.

मी नांदगावचा. एका अंगाला खानदेश, दुसऱ्या अंगाला मराठवाडा, शेजारी मालेगाव, अशा वाटांवर आमचं गाव. निजामाच्या मुलखातली रेल्वे सुरू होईपर्यंत वेरूळची लेणी बघायला निघालेला प्रवासी नांदगाव स्टेशनात उतरे आणि पुढे टांग्याने नाहीतर बैलगाडीने जाई. आमच्या घरात आजोबांपर्यंत जनावरांचा व्यापार होता. बाजारात अशा माणसाला हेड्या म्हणतात. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा हा धंदा. तो आमच्या घरातून गेला. माझ्या वाट्याला त्यातले शब्द आले. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा, सगळे दात आले की जुळला. पाठीवरचे भोवरे, गळ्याची पोळी, खुराची कपार, शेपटीचा गोंडा. बैल म्हणजे या मंडळींच्या दृष्टीने वाचायचा मजकूर होता, आणि तो वाचायला शाळा लागत नसे.

माझ्यासारखं नाव असलेल्या माणसाने या विषयावर बोलू नये, असं काही हितचिंतक सांगतात. मला उलट वाटतं. ज्या घराने एका शेतकऱ्याच्या दावणीवरून बैल सोडला, दुसऱ्याच्या दावणीला बांधला, आणि अगदी म्हातारा झाल्यावर खाटकाच्या हाती दिला, त्या घराला या जनावराची सगळी वाट ठाऊक असते. निम्मी वाट सांगून इतिहास पुरा होत नाही.

तर सुरुवातीपासून. जगात पाळीव गायीगुरांचे दोन मोठे वंश. एक युरोप नि पश्चिम आशियातला, सपाट पाठीचा. दुसरा आपला, वशिंडाचा. आपला वंश सिंधूच्या खोऱ्याच्या बाजूला माणसाळला. बलुचिस्तानातल्या मेहेरगढच्या उत्खननात याचा सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा पुरावा मिळतो. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरचा वशिंडाचा बैल आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेला असतो. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे प्रवरेकाठचं दायमाबाद. १९७४ साली तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीखाली धातूची चार शिल्पं सापडली. त्यांतलं एक म्हणजे बैलजोडी जुंपलेला रथ नि तो हाकणारा माणूस. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचं हे काम मानतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथे गायीगुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणाही मिळाल्या. म्हणजे महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांनी या जनावराला जुंपलंही आणि खाल्लंही. तरी मांसासाठी वेगळी जात घडवावी असं त्यांच्या किंवा पुढच्या कुणाच्या मनात आलं नाही. जनावराचं मोल त्याच्या खांद्यात होतं.

हा खांदा मुलखामुलखाप्रमाणे वेगळा घडला. आमच्याच जिल्ह्यातल्या इगतपुरी, सुरगाण्याच्या डोंगराळ भागात आणि शेजारच्या अकोले तालुक्यात डांगी जात आहे. तिथला पाऊस म्हणजे आभाळ फाटल्यासारखा. भातखाचरात दिवस दिवस उभं राहावं लागतं. डांगीच्या कातडीतून तेलकट पदार्थ पाझरतो, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही, आणि तिचे काळे खूर गारगोटीसारखे कठीण. महादेव कोळी, ठाकर, कानडी या लोकांनी ती राखली. घोटीचा नि राजूरचा बाजार तिच्यासाठीच ओळखला जातो. माणदेशात खिलार: कोरड्या मुलखातला, उंच, चपळ, लांब शिंगांचा, मोटेला नि गाडीला. त्याचीच एक शाखा तापीकाठी खानदेशात. लातूरकडे देवणी, नांदेडकडे लाल कंधारी. या जाती कुणी एका माणसाने काढल्या नाहीत. कोणता गोऱ्हा वळू म्हणून राखायचा आणि कोणता बडवायचा, एवढा एकच निर्णय पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला. तेच त्यांचं पैदासशास्त्र.

राजेरजवाड्यांचं लक्षही याच गुणावर असे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या गोठ्याबद्दल लिहिलं आहे. गुजरातचे बैल सगळ्यांत उत्तम, जोडीला शंभर मोहरा पडतात आणि चोवीस तासांत ऐंशी कोस जातात, असं तो नोंदवतो. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियार राजाने सतराव्या शतकाच्या अखेरीस सरकारी गाईंचं खातं उभं केलं. पुढे हैदरअलीने ते वाढवलं आणि टिपू सुलतानाने त्याला ‘अमृतमहल’ नाव दिलं. नाव दुधातुपाचं, पण खरा उपयोग तोफा नि रसद ओढण्याचा. टिपू पडल्यावर १७९९ मध्ये हे कळप इंग्रजांच्या हाती गेले. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, या बैलांचं तोंडभरून कौतुक करी. १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत, म्हणजे मराठ्यांविरुद्धच्या लढाईत, म्हैसूरचे बैल त्याच्या सैन्याबरोबर होते.

याच काळात इंग्लंडमध्ये उलट विचार चालला होता. तिथे शेताची ओढकामं घोड्याकडे जात होती, शहरं वाढत होती आणि शहराला मांस हवं होतं. लेस्टरशरमधल्या डिशली गावचा रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी, जन्म १७२५, याने पहिल्यांदा जनावराकडे खाटकाच्या नजरेने पाहिलं. हाडं कमी, मांस जास्त, आणि तेही ज्या भागाला भाव मिळतो त्या भागावर, हे त्याचं सूत्र. नात्यातल्याच नर-माद्या एकत्र आणून तो हवा तो गुण पक्का करी. जुन्या जनावरांचे सांगाडे आणि मिठात मुरवलेले मांसाचे तुकडे तो जपून ठेवी, पिढीगणिक काय बदललं ते ताडून बघायला. आपले नर तो हंगामापुरते भाड्याने देई. त्याच्या मागून कॉलिंग बंधूंनी शॉर्टहॉर्न जात घडवली. त्यांच्या ‘कॉमेट’ नावाच्या वळूला १८१० च्या लिलावात एक हजार गिनी मिळाल्या. १८२२ मध्ये या जातीची वंशावळीची वही छापली गेली. जनावराचा बाप, आजा, पणजा छापील पुस्तकात नोंदवायचा, ही त्या वेळी नवी गोष्ट होती.

ही मांसाची जनावरं घेऊन युरोपचा माणूस अमेरिकेत गेला आणि उष्ण प्रदेशात अडला. टेक्सासचं ऊन, ब्राझीलचा दमटपणा, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गोचीड. दक्षिणेतल्या जनावरांबरोबर जाणारा एक ताप उत्तरेतल्या गुरांना पटापट मारायचा. तो गोचिडीमार्फत पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये सिद्ध केलं. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याआधीच एक गोष्ट हेरली होती. वशिंडाच्या जनावराला हा त्रास कमी होतो. त्याची कातडी सैल, केस आखूड, घाम चांगला येतो, आणि गोचिडीला ते सहजासहजी अंगावर ठरू देत नाही. निकस चाऱ्यावरही ते तग धरतं. आपल्या शेतकऱ्याने दुष्काळातून जगवलेले गुण होते ते.

मग आपल्या गुरांची समुद्रयात्रा सुरू झाली. १८५४ मध्ये लुइझियानातल्या रिचर्ड बॅरो या बागायतदाराला ब्रिटिश सरकारने दोन भारतीय वळू भेट दिले. भारतात पाठवायच्या एका अधिकाऱ्याला त्याने कापूस नि उसाची शेती शिकवली होती, त्याची ही परतफेड. १९०५-०६ मध्ये टेक्सासच्या पिअर्स रँचचा व्यवस्थापक ए. पी. बॉर्डन स्वतः भारतात येऊन जनावरं घेऊन गेला. न्यूयॉर्कजवळच्या बेटावर ती वेगळी ठेवली असताना त्यांच्यात ‘सरा’ रोग निघाला आणि बरीच मारावी लागली. शेवटी तीस वळू नि तीन गायी टेक्सासला पोचल्या. १९२४ मध्ये तिथल्या पैदासकारांची संघटना झाली आणि गीर, कांकरेज, ओंगोल, कृष्णाकाठी अशा भारतीय वंशांच्या मिश्रणाला त्यांनी एक नाव दिलं: ब्राह्मन. गोमांसासाठी पैदास केलेल्या जातीला हे नाव! नाव देणाऱ्याला त्यातला विरोधाभास कळला नसावा. त्याच्या लेखी भारत म्हटलं की तो शब्द येत होता. संघटनेच्याच नोंदींनुसार या सगळ्या काळात तिथे गेलेली भारतीय वंशाची जनावरं तीनशेच्या आत आहेत. तेवढ्यांतून हा वंश दक्षिण अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत गेला. १९३३ मध्ये अमेरिकेतून एकोणीस जनावरं ऑस्ट्रेलियाला गेली आणि क्वीन्सलँडचं गोपालन बदलून गेलं.

ब्राझीलची गोष्ट याहून मोठी. १८७८ मध्ये लेमग्रुबर नावाच्या रिओकडच्या शेतकऱ्याने जर्मनीत हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात ओंगोलची जोडी पाहिली आणि मागवून घेतली. पुढे मिनास जेराइस प्रांतातल्या उबेराबा गावच्या लोकांनी थेट भारताचा रस्ता धरला. त्यांतला तेओफिलो दि गोदोय १८९३ मध्येच इकडे येऊन गेला. या व्यापारात एक अपघातही झाला. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली होती. त्यांच्याबरोबर बुळकांडी रोग युरोपात शिरला. त्या धास्तीतून अठ्ठावीस देश एकत्र आले आणि १९२४ मध्ये पॅरिसला जनावरांच्या रोगांवर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं, त्यामागची एक कडी आपल्या गुरांच्या त्या बोटीपर्यंत जाते.

शेवटची मोठी खेप १९६० च्या सुमारास गेली. भावनगरच्या महाराजांकडचा ‘कृष्णा’ नावाचा गीर वळू सेल्सो गार्सिया सिद यांच्याकडे गेला. १९६२ मध्ये तोर्रेस ओमेम रोद्रिगेस दा कुन्या यांनी नेलेल्या ओंगोल वळूंत ‘करवडी’, ‘गोदावरी’, ‘ताजमहाल’ अशी नावं होती. करवडी हे ओंगोलजवळचं गाव. फर्नांदो दि नोरोन्या या बेटावर त्यांना रोगाच्या भीतीने अडकवून ठेवलं, मग देशात घेतलं. आज ब्राझीलमध्ये तेवीस कोटींवर गुरं आहेत आणि त्यांतल्या सुमारे ऐंशी टक्क्यांत वशिंडाचं रक्त आहे. गोमांस निर्यातीत तो देश जगात पहिला. इथून गेलेली मूळ जनावरं सात हजारांहून कमी.

तिथल्या पैदासकारांनी काय केलं? बेकवेलची वही आणि आपलं जनावर एकत्र आणलं. दर महिन्याचं वजन, किती महिन्यांत किती भरलं, माडीचा घेर, पाठीची रुंदी. दरवर्षी उबेराबाला मोठं प्रदर्शन भरतं. आपला हेड्या जे डोळ्याने नि बोटाने करायचा, ते त्यांनी काट्याने नि कागदाने केलं. पण एका ठिकाणी ते अडले. वशिंडाच्या जनावराचं मांस युरोपियन जातींपेक्षा चिवट असतं आणि मांसाच्या धाग्यांत चरबी कमी मुरते. महागड्या हॉटेलांना मऊ आणि चरबीच्या बारीक जाळीचं मांस लागतं. म्हणून संकर सुरू झाले. टेक्सासच्या किंग रँचने शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मन यांच्या संकरातून ‘सांता जर्त्रूदिस’ ही जात काढली. १९४० मध्ये तिला मान्यता मिळाली. पाच हिस्से शॉर्टहॉर्न, तीन हिस्से भारतीय. कॉलिंग बंधूंचा गोठा आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याची दावण अशी टेक्सासमध्ये एकत्र आली.

उत्तम मांसाचा विषय निघाला की जपानच्या वाग्यूचं नाव येतंच, आणि आपल्याला त्यातून शिकण्यासारखं आहे. जपानमध्ये ६७५ साली सम्राट तेन्मूने गाय-बैलांचं मांस वर्षातले काही महिने खायला बंदी केली होती. बौद्ध प्रभावामुळे पुढे हजारभर वर्षं तिथे गोमांस फारसं खाल्लं जात नव्हतं. बैल होता तो भाताच्या शेतीसाठी. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने जाहीरपणे मांस खाल्लं आणि काळ बदलला. तिथल्या कष्टाच्या जनावराच्या स्नायूंत शक्तीचा साठा म्हणून चरबी मुरलेली असे. तोच गुण आता सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. मधे युरोपियन वळू आणून संकर झाले, ते थांबवून निवड पक्की केली, १९४४ मध्ये तीन आणि १९५७ मध्ये चौथी जात अधिकृत ठरली. जपानने या वंशाचा एकेक कागद जपला. १९३९ साली जन्मलेल्या ‘ताजिरी’ नावाच्या एका वळूचं रक्त तिथल्या जवळजवळ सगळ्या काळ्या वाग्यू गायींत आहे, हे त्यांना वंशावळीवरून सांगता येतं. हा धोकाही आहे, कारण एकाच घराण्यावर सगळा डोलारा. पण धोका कुठे आहे हे त्यांना माहीत आहे. २०२० मध्ये त्यांनी वाग्यूच्या रेतमात्रा नि गर्भ चोरून बाहेर जाऊ नयेत म्हणून कायदा केला.

आता आपल्या घरी येऊ. ब्राह्मनच्या पूर्वजांत मी कृष्णाकाठी जातीचा उल्लेख केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली-मिरजेकडच्या संस्थानिकांनी कृष्णेच्या चिकट काळ्या जमिनीसाठी अवजड बैल हवा म्हणून ही जात घडवून घेतली. गीर, ओंगोल, कांकरेज, म्हैसूरचा बैल आणि स्थानिक गाय यांचं मिश्रण. म्हणजे पैदासीची कला आपल्याला येत होती. पुढे अवजड नांगर ट्रॅक्टरला लागला. आज ही जात तिच्या घरी, कृष्णेकाठी, शोधावी लागते. तिचं रक्त मात्र टेक्सासच्या कुरणात आहे.

हे का झालं, याची उत्तरं आपण भावनेत शोधतो. मला ती व्यवहारात दिसतात. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या सैनिकांच्या आहारासाठी होणाऱ्या कत्तलीचा प्रश्न मांडला. तो शेतीला बैल कमी पडतात म्हणून मांडला. गाईबैलांकडे ते शेतकऱ्याच्या अंगणातून पाहत होते. गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला १९४१ मध्ये गोसेवा संघाचं काम सुरू झालं, तेव्हाही गवळाऊचं दूध कसं वाढेल आणि ती शेतकऱ्याला कशी परवडेल, हा विचार होता. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला ‘बाएफ’ संस्था काढली आणि जर्सी-होल्स्टीनच्या संकरातून गरिबाच्या दारात दूध आणलं. त्या दुधावर कित्येक घरं उभी राहिली, हे नाकारता येणार नाही. पण संकरित गायीच्या गोऱ्ह्याला उन्हात जुंपता येत नाही. एकीकडून ट्रॅक्टर, दुसरीकडून संकरित गाय. मधल्या खिलार-डांगीला कामच उरलं नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्यात गायीच्या कत्तलीला बंदी होती. बैल कामाला नि पैदाशीला निरुपयोगी असल्याचा दाखला मिळाला तर तो कापता येई. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये, आणि बैल-वळूंचीही कत्तल बंद झाली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. परराज्यात कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम मात्र रद्द केलं. म्हशीचं मांस कायद्यात बसतं आणि भारताच्या ‘बीफ’ निर्यातीत तेच असतं.

कायद्याचा हेतू काय, हा या भाषणाचा विषय नाही. मी बाजाराची बाजू सांगतो, कारण ती मला घरातून माहीत आहे. शेतकऱ्याचा बैल दहा-बारा वर्षांनी थकला की तो विकून जे पैसे येत, त्यांत थोडी भर घालून नवा गोऱ्हा यायचा. बैल म्हणजे शेतकऱ्याचं चालतं-फिरतं बँकेतलं खातं. हा शेवटचा व्यवहार तुटला, तसा पहिला व्यवहारही अडला. कारण जे विकता येणार नाही ते विकत घेताना माणूस दहादा विचार करतो. २०२५ मध्ये रस्त्यातल्या अडवणुकीला आणि मारहाणीला कंटाळून राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा बाजार ओस पडले आणि पहिली ओरड शेतकऱ्यांतून झाली. खाटीक आणि शेतकरी हे एकाच दोरीला बांधलेले आहेत, हे तेव्हा पुष्कळांना नव्याने कळलं.

२०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गोवंश सुमारे १ कोटी ५५ लाख होता. २०१९ मध्ये तो १ कोटी ४० लाखांवर आला. देशात याच सात वर्षांत गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ८० लाखांवरून ४ कोटी ७५ लाखांवर आले. सगळं खापर कायद्यावर फोडणं बरोबर नाही. ट्रॅक्टर आहे, चाऱ्याचे भाव आहेत, गायरानं गेली आहेत, शेताचे तुकडे झाले आहेत. पण एवढ्या सगळ्या कारणांत एक समान धागा आहे. शेतकऱ्याच्या लेखी या जनावराचं काम संपत चाललं आहे.

याचा उलटा पुरावाही आपल्यासमोर आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ पासून बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. तेवढ्यावर खिलार खोंडाचे भाव चढले, चांगल्या वळूसाठी लोक लांबून येऊ लागले, आणि आदत, दुसा, चौसा हे आजोबांचे शब्द मला शर्यतीच्या मैदानातल्या लाउडस्पीकरवर पुन्हा ऐकू आले. शर्यत चांगली की वाईट, यावर मतं असतील. पण एक काम मिळालं, आणि जात उभी राहिली. ओंगोल तर ब्राझीलमध्ये मांसासाठी जिवंत राहिली, इतकी की आता तिथल्या गीर वंशाच्या रेतमात्रा आपण इकडे मागवतो.

मग आपण काय करायचं? ब्राझीलसारखं इथे गोमांसासाठी पैदास करा, असं मी म्हणत नाही. या भूमीच्या श्रद्धा वेगळ्या आहेत आणि माझे शेजारी ज्याला हात जोडतात त्याचा मान मी ठेवतो. पण हात जोडणं आणि पोसणं ही दोन वेगळी कामं आहेत. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता’ म्हटलं आणि गोशाळांना देशी गायीमागे रोज पन्नास रुपयांचं अनुदान जाहीर केलं. गोशाळा म्हाताऱ्या गाईला आसरा देईल. जात मात्र तिथे घडत नाही. जात घडते ती कळप राखणाऱ्याच्या हाती. इगतपुरीच्या डोंगरातला डांगीवाला, माणदेशातला खिलारवाला यांना गायरान हवं, घोटी-राजूरसारखे बाजार निर्धास्त चालायला हवेत, वंशावळीच्या वह्या गावोगाव हव्यात, आणि जनावर घेऊन रस्त्याने जाणाऱ्या माणसाला, त्याचं नाव काहीही असो, भीती वाटायला नको.

पोळ्याच्या दिवशी आमच्या भागात ज्या घरी बैल नाही तिथे मातीची जोडी आणून पुजतात. पूर्वी ती भूमिहीनांच्या नि गावातल्या कारागिरांच्या घरी असायची. अलीकडे पाच-दहा एकरवाल्यांच्या घरीही ती दिसते, गोठा रिकामा असतो आणि ओसरीत ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातलेला असतो. गेल्या पोळ्याला आमच्या गल्लीतल्या कुंभाराला मी विचारलं, धंदा कसा चाललाय? तो म्हणाला, चाचा, दरवर्षी जास्त जोड्या कराव्या लागतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)